संकटापूर्वीची नोंदवही

२० मे २०२५ रोजी जिनिव्हा येथे जागतिक आरोग्य सभेने महासाथींविषयीचा एक आंतरराष्ट्रीय करार संमत केला. कोविडच्या काळात श्रीमंत राष्ट्रांनी लशींचा साठा केला आणि गरीब राष्ट्रे रांगेत ताटकळत राहिली. तसे पुन्हा घडू नये, हा या करारामागील हेतू. तीन वर्षांहून अधिक काळ चाललेल्या वाटाघाटींनंतर राष्ट्रे एका निर्णयाप्रत आली, ही समाधानाची बाब आहे.

त्याच वर्षाच्या जानेवारीत पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोम या मज्जातंतूंच्या विकाराची साथ पसरली. दोनशेहून अधिक संशयित रुग्ण नोंदले गेले. काहींना कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले, काही दगावले. दूषित पाण्यातून शरीरात जाणारा एक जीवाणू अनेक रुग्णांच्या तपासणीत आढळला. म्हणजे संकट आले ते घरातल्या नळातून आणि विहिरीतून. अशा वेळी जिनिव्हातील करार त्या घरातील आईच्या कोणत्या कामाचा? पाणी उकळावे की नाही, मुलाच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या तर किती वेळ थांबावे, रात्री रुग्णालयात न्यायचे तर कोणाला हाक मारावी, या प्रश्नांची उत्तरे करारात नसतात.

जागतिक करार आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये बरेच मोठे अंतर आहे. ते अंतर शासनाने भरून काढावे, ही अपेक्षा रास्त आहे. तथापि त्या अंतरात आणखी एक संस्था उभी आहे, तिच्याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ती म्हणजे आपला धर्मग्राम.

आमच्या हातून काय राहून गेले

या विषयावर आम्ही तटस्थपणे लिहू शकत नाही. एप्रिल २०२१ मध्ये, कोविडच्या दुसऱ्या लाटेच्या वेळी, आमच्याकडे एका धर्मग्रामाची जबाबदारी होती. तेथे एका इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहत असत. पतीचे निधन झालेले, मुलगा परदेशी. रविवारच्या पहिल्या मिस्सेला त्या नेहमी तिसऱ्या बाकावर असायच्या. त्या एखाद्या रविवारी दिसल्या नाहीत तर कोणीतरी हमखास विचारी, "आज बाई कशा नाही आल्या?"

त्या वर्षी मात्र चर्चची दारे बंद होती. सर्वच जण गैरहजर असताना एकाची गैरहजेरी कोणाच्या लक्षात येणार? शेजाऱ्यांना वाटले, बाई बहिणीकडे गेल्या असतील. बहिणीला वाटले, शेजारी त्यांची विचारपूस करीत असतील. मुलगा दोन दिवस फोन करीत राहिला. शेवटी कोणाकडून तरी आमच्या कार्यालयाचा क्रमांक मिळवून त्याने आम्हांला फोन केला. आमच्या दोन तरुणांनी दार उघडवले तेव्हा बाई शुद्धीवर होत्या, पण उठण्याचे त्राण त्यांच्यात उरले नव्हते. आठ दिवसांनी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. "तीन दिवस आधी आणायला हवे होते," एवढेच डॉक्टर म्हणाले.

त्या रात्री मृतांच्या नोंदवहीत त्यांचे नाव लिहिताना एक गोष्ट आम्हांला प्रथमच जाणवली. स्नानसंस्काराची नोंदवही आमच्यापाशी होती. विवाहाची होती, मृतांची होती. पण धर्मग्रामात आज कोण एकटे राहते, कोण अंथरुणाला खिळले आहे, कोणाला दर आठवड्याला डायलिसिसला न्यावे लागते, याची एक ओळही आमच्या कपाटात नव्हती. जे गेले त्यांची नोंद आम्ही चोख ठेवली होती. जे जिवंत आणि एकटे होते, त्यांची नव्हती.

आम्ही हे कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. दोष द्यायचाच तर तो प्रथम आमच्याकडे येतो. पण त्या एका घटनेने पूर्वतयारी या शब्दाचा अर्थ आमच्यापुरता बदलला.

इतिहास काय सांगतो

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात ग्रंथिक सन्निपाताचे, म्हणजे प्लेगचे, निदान प्रथम केले ते डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या गोमंतकीय कॅथलिक वैद्याने. पुढील काही महिन्यांत सुमारे साडेआठ लाख वस्तीच्या त्या शहरातून जवळजवळ निम्मे लोक बाहेर पडले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा आला. पुण्यात घरोघर शिरून झडती घेणारे सैनिक, सक्तीची स्थलांतरे, देवघरापर्यंत पोहोचलेले बूट यांमुळे लोक रोगापेक्षा तपासणीलाच अधिक भिऊ लागले आणि रुग्ण लपवू लागले. २२ जून १८९७ रोजी प्लेग अधिकारी रँड यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी, त्याच परिसरात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांना स्वतः उचलून पुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात नेत होत्या. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी त्यांचे प्राणोत्क्रमण झाले.

साथ एकच, शहर एकच. एका बाजूस सक्ती, दुसऱ्या बाजूस विश्वासाचा हात. आरोग्याचे उपाय कितीही योग्य असले तरी ते सांगणाऱ्यावर लोकांचा विश्वास नसेल तर रुग्ण दाराआडच राहतो. हा विश्वास साथ आल्यावर निर्माण करता येत नाही. तो आधीच्या साध्यासुध्या दिवसांत जमवावा लागतो.

दुसरे उदाहरण १९७१ मधील आहे. बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलऱ्याने थैमान घातले होते. शिरेतून द्यावयाचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी मीठ, साखर आणि खाण्याचा सोडा यांचे मिश्रण पाण्यात घालून रुग्णांना तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. परिचारिका अपुऱ्या होत्या, म्हणून ते पाणी पाजण्याचे काम रुग्णांच्या नातेवाइकांना शिकविले गेले. तीस टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चार टक्क्यांच्याही खाली आले. आई, बहीण, भाऊ यांच्या हातातील पेल्याने ते काम केले. तज्ज्ञाचे ज्ञान घरच्या माणसापर्यंत पोहोचले, म्हणून माणसे वाचली.

संकटे निराळी, गरजा त्याच

पुढचे संकट कोविडसारखेच असेल, असे मानण्याचे कारण नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला आणि पूर ओसरल्यावर लेप्टोस्पायरोसिसने माणसे नेली. जुलै २०१८ मध्ये आपली वसई पाण्याखाली गेली. लोकलगाड्या ठप्प झाल्या, मिठागर वस्तीतील लोक पाण्यात अडकले, वीज गेली. ज्यांच्या घरात इन्सुलिन फ्रिजमध्ये होते, त्यांनी ते दिवस कसे काढले, हे त्यांनाच ठाऊक. २०२२ मध्ये मुंबईच्या गोवंडी भागात गोवराने बालके दगावली. त्यांच्यातील अनेकांचे लसीकरण राहून गेले होते. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात झालेल्या सार्वजनिक सोहळ्यानंतर उष्माघाताने चौदा जणांना प्राण गमवावे लागले.

पूर, ऊन, पाणी, विषाणू. कारणे वेगवेगळी. पण या प्रत्येक वेळी कुटुंबाला लागले काय? पिण्याजोगे पाणी, नेहमीची औषधे, खरी माहिती, आणि आपल्यासाठी दार ठोठावणारा कोणीतरी. यांपैकी पहिल्या तीन गोष्टींची व्यवस्था कुटुंब करू शकते. चौथीसाठी समाज लागतो.

कुटुंबाने काय करावे

ही तयारी फार खर्चाची नाही. एखाद्या सायंकाळी, रोझरीची प्रार्थना आटोपल्यावर, घरातील सर्वांनी अर्धा तास एकत्र बसावे आणि पुढील गोष्टी ठरवून टाकाव्यात.

पाण्याविषयी शंका असेल तर ते खळखळून उकळू द्यावे आणि झाकून ठेवावे. जुलाब सुरू झाल्यास ओआरएसचे पुडे घरात असावेत. ते नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ हे प्रमाण घरातील प्रत्येकाला पाठ असावे. मीठ अंदाजाने टाकू नये. ते अधिक झाल्यास लहान मुलाला अपाय होतो.

रक्तदाब, मधुमेह, दमा, फिट्स यांची रोजची औषधे निदान पंधरा दिवस पुरतील एवढी शिल्लक असावीत. शेवटच्या आठवड्यात आणू, ही सवय पावसाळ्यात घातक ठरते. डॉक्टरांच्या चिठ्ठीची प्रत, मुलांची लसीकरणाची कार्डे, रक्तगट आणि महत्त्वाचे दूरध्वनी क्रमांक एका प्लास्टिकच्या पिशवीत, कागदावर लिहून ठेवावेत. मोबाइलची बॅटरी उतरली की सर्व क्रमांक त्याच्याबरोबर जातात. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक घरातील लहान मुलासही ठाऊक असावा.

पुराच्या पाण्यातून चालावे लागले असेल तर घरी येताच पाय साबणाने धुवावेत. पायाला जखम असो वा नसो, तीन दिवसांच्या आत डॉक्टरांकडे जाऊन प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे. ते स्वतःच्या मनाने घेऊ नये. उन्हाळ्यात दुपारी बारा ते तीन या वेळेत वृद्धांनी बाहेर पडू नये. आपल्या मिरवणुका, क्रूसवाटेची भक्ती आणि लग्नाच्या वराती यांच्या वेळाही आता या दृष्टीने तपासून पाहाव्यात, असे आम्हांस वाटते.

साथीच्या काळात रुग्णाला वेगळे ठेवता येईल अशी एखादी खिडकी असलेली खोली आहे काय, आणि त्याची शुश्रूषा एकाच निरोगी व्यक्तीने कशी करायची, हेही आधी ठरवावे. ज्यांची घरे एका खोलीची आहेत, त्यांना हे शक्य नाही. त्यांच्यासाठी उत्तर धर्मग्रामाने शोधायचे आहे.

आणखी एक गोष्ट. व्हॉट्सॲपवर येणारा आरोग्यविषयक प्रत्येक संदेश पुढे धाडण्यापूर्वी तो कोणी लिहिला, हे पाहावे. लिहिणाऱ्याचे नाव नसेल तर तो आपल्यापाशीच थांबवावा. लशीविषयी शंका असेल तर ती डॉक्टरांना विचारावी. पोप फ्रान्सिस यांनी ऑगस्ट २०२१ मध्ये लस घेण्यास प्रेमाची कृती म्हटले होते. आपल्या लशीने शेजारचा दुर्बळही वाचतो, हा त्यामागील विचार.

ज्याविषयी आपण बोलत नाही

कोविडच्या काळात अनेक कुटुंबांना काही तासांत असे निर्णय घ्यावे लागले, ज्यांविषयी घरात कधी शब्दही निघाला नव्हता. देह पुरायचा की दहन करायचे? दहन केले तर पाप लागेल काय? दुःखाच्या त्या घटकेला भावाभावांत वाद झाले. प्रत्यक्षात ख्रिस्तसभेने १९६३ पासून दहनाला परवानगी दिलेली आहे. पुरण्याची प्रथा तिला अधिक प्रिय आहे. परंतु दहन केल्यास अस्थी पवित्र स्थळी आदराने ठेवाव्यात, त्या विखरून टाकू नयेत, असे २०१६ मधील सूचनापत्रात स्पष्ट केले आहे. हे आधीच ठाऊक असते तर कित्येक मनांवरील ओझे हलके झाले असते.

तसेच, धर्मगुरू रुग्णाच्या खाटेपाशी पोहोचू शकले नाहीत, हे शल्य अनेकांच्या मनात आजही आहे. ते आमच्याही मनात आहे. धर्मगुरू उपलब्ध नसताना, परमेश्वरावरील प्रेमापोटी केलेला पूर्ण पश्चात्ताप, आणि शक्य होताच पापनिवेदन करण्याचा निर्धार, यांमुळे गंभीर पापांचीही क्षमा मिळते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण आहे. मार्च २०२० मध्ये रोमहून तिची पुन्हा आठवण करून देण्यात आली. मरणासन्न व्यक्तीच्या उशाशी बसून पश्चात्तापाची प्रार्थना म्हणणे हे पत्नीला, मुलाला, नातीलाही करता येते. ती प्रार्थना घरातील प्रत्येकाला यावी, हीदेखील पूर्वतयारीच होय.

धर्मग्रामाची नोंदवही

१६१४ च्या रोमन विधिग्रंथाने प्रत्येक धर्मगुरूला स्नानसंस्कार, विवाह आणि मृत्यू यांच्या नोंदवह्यांबरोबर आणखी एक वही ठेवण्यास सांगितले होते. तिचे नाव आत्म्यांच्या स्थितीची नोंदवही. घरोघर जाऊन त्या घरात कोण कोण राहते, हे तीत लिहावयाचे असे. ही वही नव्या रूपात पुन्हा सुरू करावी, अशी आमची सूचना आहे.

प्रत्येक वाडीतील, आळीतील, गृहसंकुलातील लघु ख्रिस्ती समूहाने आपल्या भागातील घरे मोजावीत. एकटे राहणारे, अंथरुणास खिळलेले, गर्भवती, दिव्यांग, नियमित उपचारांवर अवलंबून असलेले, आणि ज्यांची मुले दूरदेशी आहेत असे वृद्ध, यांची नोंद त्यांच्या संमतीने करावी. प्रत्येकासाठी दोन शेजारी नेमावेत. एक आजारी पडला तर दुसरा हवा. घराची जादा चावी कोणाकडे आहे, परदेशी मुलाचा क्रमांक काय, नेहमीचे डॉक्टर कोण, एवढी माहिती पुरेशी आहे. कोणाला कोणता आजार आहे, हे गावभर करण्याची गरज नाही. ही वही कागदाचीच असावी, धर्मग्राम कार्यालयात कुलपाखाली असावी. ती व्हॉट्सॲपच्या गटावर कदापि जाऊ नये.

याच वहीच्या दुसऱ्या भागात धर्मग्रामातील परिचारिका, डॉक्टर, औषधविक्रेते, वाहनचालक, होडीवाले आणि रक्तदाते यांची नावे असावीत. आपल्या समाजातील किती मुली परिचारिका आहेत! त्यांतील निवृत्त झालेल्यांना वर्षातून दोनदा बोलावून ताप मोजणे, ऑक्सिमीटर वापरणे, निर्जलीकरण ओळखणे हे तरुणांना शिकवता येईल. एका खोलीच्या घरात रुग्ण वेगळा ठेवता येत नसेल तर धर्मग्रामाचे सभागृह कोणाच्या परवानगीने आणि कोणत्या व्यवस्थेने उघडायचे, हे प्राथमिक आरोग्य केंद्राशी आणि आशासेविकांशी आधीच बोलून ठेवावे.

आणि ही वही केवळ कॅथलिकांची असू नये. त्याच इमारतीत भाड्याने राहणारे परप्रांतीय मजूर, पलीकडच्या पाड्यावरील आदिवासी कुटुंब, यांचे दार कोण ठोठावणार? दयाळू शोमरोनी माणसाने जखमी प्रवाशाचा धर्म विचारला नव्हता. त्याने जखमा बांधल्या, त्याला उतारशाळेत नेले, आणि पुढच्या खर्चाची तजवीजही करून ठेवली. त्याच्या करुणेत नियोजन होते, हे आपण सहसा विसरतो.

दोन आक्षेप

हे सारे शासनाचे काम आहे, असे कोणी म्हणेल. निःसंशय आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर असणे, नाले साफ होणे, नळाला शुद्ध पाणी येणे ही शासनाची आणि महानगरपालिकेची जबाबदारी आहे, आणि ती आपण मागत राहिली पाहिजे. आपली वही ही त्या जबाबदारीला पर्याय नव्हे. उलट, कोणत्या आळीत किती वृद्ध आहेत हे ज्यांना ठाऊक आहे, तेच अधिकाऱ्यांपुढे नेमकी मागणी मांडू शकतात.

देवावर विश्वास असताना एवढी धास्ती कशाला, असेही कोणी म्हणेल. १५७६ मध्ये मिलान शहरात प्लेग आला तेव्हा संत चार्ल्स बोरोमिओ यांनी मिरवणुका काढल्या, प्रार्थना केल्या. लोकांना घरांत थांबण्याची आज्ञा झाली तेव्हा त्यांनी चौकाचौकांत वेद्या उभारल्या, जेणेकरून लोकांना खिडकीतून मिस्सेत सहभागी होता यावे. आपल्या निवासातील पडदे आणि कापड गरिबांच्या वस्त्रांसाठी दिले. श्रद्धा आणि व्यवस्था यांत त्यांना विरोध दिसला नाही. योसेफानेही फारोला केवळ धीर दिला नाही. सुकाळाच्या सात वर्षांत पिकाचा पाचवा भाग बाजूला काढला. आणि उत्पत्तीच्या पुस्तकातील एक तपशील लक्षात घेण्यासारखा आहे: ज्या त्या नगराच्या भोवतालच्या शेतांतील धान्य त्याने त्या त्या नगरातच साठवले. सारे काही राजधानीत ठेवले नाही. दुष्काळ आला तेव्हा भाकर माणसांच्या जवळ होती.

येत्या पावसाळ्यापूर्वी

आमची विनंती मोठी नाही. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक धर्मग्रामाच्या पाळकीय परिषदेने एक बैठक केवळ या विषयासाठी घ्यावी. एक रविवार ठरवावा. मिस्सेनंतर प्रत्येक समूहाच्या दोघांनी वही घेऊन बाहेर पडावे आणि आपल्या आळीतील प्रत्येक दार ठोठवावे. पहिल्याच दिवशी सर्व रकाने भरले नाहीत तरी चालेल. चहाचा एक पेला आणि चार शब्द झाले तरी काम सुरू झाले.

ज्या बाईंविषयी आम्ही वर लिहिले, त्यांच्या समोरच्या घरात राहणारे गृहस्थ पुढे आम्हांला भेटले. "फादर, मला फक्त कोणीतरी सांगायला हवे होते, की रोज एकदा बेल वाजवा. मी वाजवली असती," ते म्हणाले. ते खरे बोलत होते. त्यांना ते सांगणे आमचे काम होते.